एकसष्ट अक्षरांची अट

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी विज्ञान, ७१ टक्के. दहावीला संस्कृतात ९८. तिला भाषाशास्त्र शिकायचंय. वडिलांची अट: 'युरोपातल्या बाल्कनमधली प्राचीन थ्रेसियन भाषा अजून कुणाला उलगडलेली नाही, आणि तिच्यात संस्कृतसारखे शब्द आहेत म्हणे. दोन वर्षांत हिने उलगडून दाखवावी, नाहीतर इंजिनिअरिंग.'

साहेब, ही अट नव्हे, नकारच आहे. फक्त तो तुम्हाला स्वतःच्या तोंडून द्यायचा नाही. दोन वर्षांनी मुलगी हरेल आणि इंजिनिअरिंग तिच्याच नाकर्तेपणामुळे पदरी पडलं असं घरात ठरेल. तीन पानी पत्रात तिचं एकही वाक्य नाही, 'ती हल्ली गप्प असते' एवढंच आहे. गप्प असणारच!

आता तुमचा समज. थ्रेसियनचं कोडं लिपीत नाही. बल्गेरियात एझेरोवो इथे १९१२ मध्ये सापडलेली सोन्याची अंगठी घ्या. आठ ओळी, ग्रीक लिपीतली ६१ अक्षरं, सगळी वाचता येतात. पण शब्द तोडलेले नाहीत. मोडीतही तोडत नाहीत, तरी आपण वाचतो, कारण मराठी येते. इथे भाषाच येत नाही. सुरुवात आहे 'रोलिस्तेनेआस्नेरेनेआ…'. एका अभ्यासकाने 'रोलिस्तेनेआस' हे नाव धरलं. दुसऱ्याने 'रोलिस्तेने' अशी हाक मानली आणि उरलेल्या 'आस'चा अर्थ लावला 'मी'! अशा भाषांतरांपैकी एकही सर्वमान्य नाही, कारण ताडून बघायला शेजारी ग्रीक भाषांतर असलेला लेख नाही. बाकी साठा म्हणजे मोजके कोरीव लेख, ग्रीक-रोमन लेखकांनी टिपलेले सुटे शब्द आणि माणसांची, गावांची नावं. 'ब्रिया' म्हणजे नगर, हेसुद्धा ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलं म्हणून कळतं.

संस्कृतशी नातं आहे, खोटं नाही. शेजारच्या डेशियन भाषेत गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव गेर्मिसारा. त्यातलं 'गेर्म' आणि ज्यातून आपला घाम आला तो 'घर्म' एकाच मुळाचे. पण ग्रीक 'थेर्मोस'ही त्याच मुळाचा. मावसभावाच्या सहीने बँकेतून पैसे निघत नाहीत.

तेव्हा थ्रेसियन सध्या बाजूला ठेवा. बीए संस्कृत, मग पुण्यात डेक्कन कॉलेजात एमए भाषाशास्त्र. शिकवायचं असेल तर प्राध्यापकीची नेट परीक्षा. सोबत प्राचीन ग्रीक आणि लॅटिन. सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या विद्यालयात, शिकवतात ती बायबलची ग्रीक. सुरुवातीला चालेल, पण कोरीव लेखांना पुरत नाही. पुढे याच विषयात शिरायचं झालं तर जर्मन आणि बल्गेरियन वाचता यायला हवी, कारण बरंचसं संशोधन त्यांत आहे. निव्वळ थ्रेसियनवर पोट भरणार नाही. भाषाशास्त्रावर भरू शकतं: कोशकाम, अध्यापन, संगणकासाठी भाषेची कामं.

तिची आवड तपासायचीच असेल तर अंगठीवरची ६१ अक्षरं चौकटीच्या वहीत लिहायला सांगा. दोन वेगळ्या तऱ्हांनी शब्द तोडून प्रत्येक तोडीमागे कोणता प्रत्यय गृहीत धरला ते तिने लिहावं. उत्तर तपासायला जाऊ नका, ते कुणाकडेच नाही. शेवटची चार अक्षरं अंगठीच्या कडेवर आहेत, 'एल्ता'. आधीच्या ओळीतला 'झ' त्यांना जोडून 'झेल्ता' करायचं की नाही, यावर ती तासभर अडून बसली, तर इंजिनिअरिंगचा फॉर्म आणू नका.