शुगरची सरासरी चांगली, मग आजी का गोंधळतात?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत राहतो. माझ्या मुलाला सांभाळणाऱ्या आजी मूळच्या मेक्सिकोच्या, वय ७१. पंधरा वर्षं मधुमेह, इन्सुलिन चालू. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (एचबीए१सी) ७.१ टक्के आली, डॉक्टर खूश. पण हल्ली दुपारी बोलताना अडखळतात, परवा गॅस चालूच राहिला. शुगर वरखाली झाल्यानं स्मृतिभ्रंश होतो का?

उत्तर : त्या ७.१ वर विसंबू नका. ती सरासरी आहे. पहाटे ५५ आणि जेवणानंतर २८० असली तरी सरासरी छानच दिसते. तुमच्याच गावात मी अकरा वर्षं दवाखाना केला. आपण ‘मला शुगर आहे’ म्हणतो, तशा तिथल्या मेक्सिकन आज्या स्पॅनिशमध्ये ‘आसूकार’ म्हणतात. एकीच्या वहीत दर शुक्रवारी पहाटे पन्नाशीतला आकडा असायचा. खोदून विचारलं तेव्हा कळलं : गुरुवारी रात्री चर्चमध्ये प्रार्थना, जेवण राहून जायचं, इन्सुलिन मात्र सातच्या ठोक्याला.

मेंदूला साखरेचा साठा करता येत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून लो शुगर त्याला लगेच जाणवते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ वयस्क मधुमेहींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लो शुगरमुळे एकदा इस्पितळ गाठावं लागलं, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका २६ टक्के जास्त. तीन किंवा अधिक वेळा गेलेल्यांत जवळजवळ दुप्पट. लो शुगरच कारण, असं यातून सिद्ध होत नाही. विसरणारा माणूस इन्सुलिन दोनदा घेतो, हेही मी पाहिलंय.

आजी गोंधळल्या की त्याच क्षणी बोट टोचून शुगर बघा. ७०च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल, तर अर्धा कप संत्र्याचा रस द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. गिळता येत नसेल तर थेट ९११. वेळ, आकडा, शेवटचं जेवण लिहून डॉक्टरांना दाखवा. या वयात, विसरणं सुरू झालेलं असताना, ७ चा हट्ट नको, ८ पर्यंत चालेल का, हे विचारा. बी-१२ही तपासायला सांगा. दुभाषी म्हणून आजींच्या लेकीला बसवू नका. आईचं अर्धं बोलणं ती सांगतच नाही. दवाखान्याचा दुभाषी फुकट मिळतो, औषधाच्या लेबलवरच्या सूचनाही स्पॅनिशमध्ये मागता येतात.

निदान होईपर्यंत मुलाला एकट्या त्यांच्यावर सोडू नका. पण त्यांना कामावरून काढूही नका. दुपारचं जेवण त्यांना तुमच्या घरी, तुमच्यासमोर वाढा.