आई म्हणते, ‘आता घरी जायचंय’

मावशी,
माझे वडील मागच्या नोव्हेंबरात गेले. आई 76 वर्षांची. नगर जिल्ह्यातलं घर बंद करून मी तिला पुण्याला आणलं. ती सारखी म्हणते, “मला आता घरी जायचंय.” मला वाटलं, गावची आठवण येते. म्हटलं, नाताळात जाऊ. तर हसली. “ते नव्हे गं, वरचं.” तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनला तयार नाही. “तिथे नवे डोळे मिळणारच आहेत, कशाला पैसे घालवतेस?” जेवण ठीक आहे, भाजीवाल्याशी घासाघीस करते, गीतं गुणगुणते. वाचन मात्र बंद. आमचं घर तिला घर वाटत नाही, हे मला फार लागतं. आणि परवा रात्री तिने विचारलं, “तू येशील ना गं तिकडे?” मी गप्प बसले. चर्चला जाते मी, पण तिच्यासारखी खात्री मला नाही. काय करू?
– एक मुलगी, पुणे

सप्रेम सलाम.

लागणारच गं. स्वतःची खोली रिकामी करून दिली असशील, पथ्याचं सांभाळत असशील, आणि जिच्यासाठी हे सगळं, ती म्हणते हे घरच नव्हे. पण आपल्या लोकांत ‘घर’ हा शब्द फार जुन्या सवयीचा आहे. लहानपणी आमच्याकडे कुणी वारलं की मोठी माणसं म्हणत, ‘स्वगृही गेले’. मला कितीतरी दिवस वाटायचं, दौंडच्या पुढे कुठलं तरी स्टेशन असावं. तुझी आई तुझं घर नाकारत नाहीये. नवरा गेल्यावर ज्या शब्दाने तिला धीर दिला, तो ती पुन्हा पुन्हा म्हणून बघते आहे.

आधी काळजीचं बोलून घेऊ. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई सामान बांधून बसलेली नसते, म्हणून मी फार घाबरले नाही. तरी एकदा सरळ विचार: “आई, तुला जगणं नकोसं झालंय का?” विचारल्याने असला विचार डोक्यात शिरत नाही. पुढे तिचं जेवण तुटलं, झोप उडाली, किंवा ‘मी ओझं झाले’ असं ती म्हणू लागली, तर डॉक्टरांकडे ने. पाळकसाहेबांना प्रार्थनेला बोलाव, पण डॉक्टरांच्या ऐवजी नको.

आता तू दोन शब्दांत उरकलेली गोष्ट. ‘वाचन बंद.’ माझी नजर तिथेच अडकली. तिच्या पिढीच्या बायका सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचल्याशिवाय चहा ठेवत नाहीत. ते थांबलं आहे. वाचून दाखवणारा माणूसही गेला असेल. पुण्याचे चेहरे तिला नीट दिसत नाहीत, नातवंडांचे मोबाइलवरचे फोटो दिसत नाहीत. इथलं सगळं धुरकट झालं आणि एक तेवढंच घर लख्ख राहिलं, तर माणूस त्याच घराचं बोलणार. तिच्या श्रद्धेला मी मोतीबिंदू म्हणत नाही हं. पण या ‘घरी जायचंय’मध्ये थोडा वाटा त्या डोळ्यांचाही आहे, असं मला वाटतं.

ऑपरेशनला ती नाही म्हणते ते शास्त्राच्या आधाराने, म्हणून तूही शास्त्रच काढ. मार्काच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा आहे. येशूने त्याला ‘जरा थांब, स्वर्गात नवे डोळे मिळतील’ असं सांगितलं नाही. हात ठेवले. आधी त्याला माणसं झाडांसारखी चालताना दिसली. मग पुन्हा हात ठेवले, तेव्हा स्पष्ट दिसू लागलं. दोन खेपा लागल्या. डॉक्टरही आधी एक डोळा करतात, काही दिवसांनी दुसरा. आईला हे सांग, हसेल ती. आणि मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायची जुनी गोष्ट सोडा. जास्त पिकला की काढणं उलट अवघड होतं. बहुधा थेंब टाकून डोळा बधिर करतात, ढगाळलेलं भिंग काढून कृत्रिम बसवतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. त्या धूसर नजरेने ती रात्री बाथरूममध्ये पडली, तर खुब्याचं हाड मोडून बसेल, ते निराळंच.

ती म्हणेल, पण जायचंच आहे ना! मग तिला केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण कर. एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंना वरच्या घराची ओढ कमी होती असं कोण म्हणेल? तरी त्या केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलाच्या कामाला लागून राहिल्या, अखेरच्या दिवसांपर्यंत मुद्रितं तपासत होत्या, आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मुद्रितं तपासायला डोळे लागतात, एवढंच मी तिला म्हणेन. प्रेषित पौलही फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहितो की ख्रिस्ताकडे जावंसं वाटतं, ते जास्त चांगलं. पण तुमच्यासाठी इथे राहणं जास्त गरजेचं आहे. ‘तुमच्यासाठी’ या शब्दावर थांबून तिच्याकडे बघ.

तुझ्या लागलेल्या मनाबद्दलही त्याच शास्त्रात काही आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय तुमच्या बाबांच्या अंत्यविधीलाही वाचला असेल: पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ. इंग्रजीत पूर्वी तिथे वाडे-हवेल्या होत्या, गाण्यांतून सोन्याचे महालही आले. मराठी भाषांतर मला जास्त आवडतं, नुसती राहण्याची जागा. मूळ ग्रीक शब्द राहणे, टिकणे या क्रियापदाचा. सगळ्या नव्या करारात तो दोनदाच येतो, आणि दुसऱ्यांदा याच अध्यायात, तेविसाव्या वचनात. तिथे दिशा उलटी आहे: पिता आणि पुत्र माणसाकडे येऊन राहतात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीसही माणसं वर जात नाहीत, देवाचं पवित्र नगरच खाली उतरतं. म्हणजे तुझा दोन खोल्यांचा फ्लॅट काही फलाटावरचं बाकडं नव्हे.

पण तिला ते घर वाटावं, असं त्या फ्लॅटमध्ये तिचं काय आहे? रागावू नकोस. बंद घरातून तिची पितळी पातेली आणलीस का? तिचा डबा, तिची पाटी, बाबांची खुर्ची? आठवड्यातून एक दिवस स्वयंपाक तिच्या हाती दे आणि मीठ जास्त झालं तरी बोलू नकोस. गावचं घर विकायची घाई करू नका. नाताळात खरंच ने तिला. कबरीवर फुलं वाहायला तरी. चावी तिच्या उशाखाली असू दे.

राहिला तो रात्रीचा प्रश्न. खोटं ‘हो’ म्हणू नकोस, तिला आवाजावरून कळेल. वादही घालू नकोस, अंधारात पडल्या पडल्या आईशी कसला वाद. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशूने जागा तयार करायला जातो म्हटलं, तेव्हा सगळे शिष्य माना डोलावत नव्हते. थोमा म्हणाला, प्रभूजी, आपण कुठे जाता तेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? येशूने त्याला रागावून बाहेर घालवलं नाही. त्याच जेवणावळीत तोही बसून राहिला.

पुन्हा विचारलं तर म्हण, “आई, मी थोमासारखी आहे गं, मला वाट माहीत नाही. तू सांग.” आणि दिवा लावून चौदावा अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखव. ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत रोज.

तुझी,
मावशी