शेवटचं पाणी नितळ येईपर्यंत

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे, कापडी लंगोट वापरायचं ठरलंय, पण खराब झालेले लंगोट धुवेपर्यंत कुठे ठेवायचे, बादलीत भिजत घालायचे का, धुवायचे कसे, याबद्दल जो तो वेगळंच सांगतोय. आधी मनापासून अभिनंदन. मी दोन मुलांचा बाप आहे आणि आमच्या घरी लंगोट धुण्याचं काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होतं. पहिल्या खेपेला माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास माझ्या मुलीला भोगावा लागला. तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगी सात आठवड्यांची होती. साबण जास्त झाला तर तिच्या त्वचेला बाधेल, या भीतीने मी मशीनमध्ये जेमतेम चमचाभर डिटर्जंट टाकायचो. लंगोट पांढरेशुभ्र निघायचे, वाळल्यावर घडी घालताना कसलाही वास नसायचा. पण तिने शू केली की काही मिनिटांतच असा उग्र दर्प सुटायचा की बदलणाऱ्याचे डोळे चुरचुरायचे. मग एके सकाळी लंगोट सोडला तर कापड जिथे टेकतं तेवढीच त्वचा लालबुंद झालेली. जांघेच्या वळ्यांमधली मात्र ठीक. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लंगोट धुता कसे?"

त्या रात्री मी कपाटातला एक धुतलेला, वाळलेला लंगोट काढला आणि गरम पाण्याच्या टोपात बुडवून ठेवला. पंधरा मिनिटांनी पिळला. पाणी गढूळ झालं होतं आणि त्याला शूचा वास येत होता. स्वच्छ म्हणून घडी घातलेला लंगोट होता तो! मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी तेच तिला गुंडाळत होतो.

कारण नंतर कळलं. शूमध्ये युरिया असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात. नीट न धुतलेल्या कापडात हे जिवाणू तळ ठोकून असतात, म्हणून ताजी शू पडली की लगेच कामाला लागतात. अमोनियामुळे त्वचेची मुळातली आम्लता जाते आणि शीमध्ये जी पचनाची एन्झाइम्स उरलेली असतात ती जास्त जोरात काम करायला लागतात. त्वचा खाल्ली जाते ती त्यांच्यामुळे. शी आणि शू एकत्र अंगाला लागून राहिली की पुरळ पटकन उठतं ते म्हणूनच. तेव्हा लंगोट कोणताही असो, पहिला उपाय म्हणजे तो वेळच्या वेळी बदलणं. नवजात बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट सहज होतात, तेवढी तयारी ठेवा.

आता बादलीचं. माझं स्पष्ट मत आहे की भिजत घालू नका. साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, वास वाढतो, इलॅस्टिक आणि जलरोधक कापडाचा थर लवकर खराब होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात दुसरं लहान मूल असेल किंवा हेच बाळ उद्या रांगायला लागेल, तेव्हा पाण्याची बादली हा जिवाचा धोका आहे. काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि आवाजसुद्धा होत नाही. कोरडी बादली किंवा जाळीची टोपली ठेवा, आत धुता येणारी कापडी पिशवी लावा. झाकण ठेवलंत तर नुसतं टेकवा, घट्ट लावू नका. मला आधी वाटायचं की झाकण जितकं घट्ट तितका वास कमी. उलट झालं. बंद डब्यात ओल आणि ऊब दोन्ही कोंडते आणि उघडताना नाकाला झणका बसतो. हवा खेळती असली की वास खूपच कमी राहतो.

बादलीत टाकण्याआधी काय करायचं ते बाळ काय पितं त्यावर आहे. फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे तो लंगोट तसाच टाकला तरी चालतो, फक्त पहिलं धुणं मग वेगळं हवं. वरचं दूध सुरू असेल तर शी घट्ट असते, ती आधी संडासात झटकून लंगोट गार पाण्यात विसळा. रात्रीचा लंगोट मात्र नेहमीच विसळून टाका, कारण त्यात तासन्‌तास साठलेली शू असते. आणि सगळे मिळून दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. एक दिवसाआड धुवायचे असतील तर पंचवीस-तीस लंगोट लागतात, वरून घालायची जलरोधक कव्हरं पाच-सहा पुरतात. रोज धुणार असाल तर लंगोट कमी घेऊन भागेल, पण ढगाळ हवेत वाळायला वेळ लागतो तेव्हा चार जास्तीचे असलेले बरे.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळपट हिरवी, डिंकासारखी चिकट असते. तेवढ्यापुरतं जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा आत घालून तो टाकून दिलात तर सोपं जाईल. नाळ गळेपर्यंत लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडा, म्हणजे तिथे ओल आणि घासणं दोन्ही टळतं.

धुण्याची पद्धत मी शेवटी अशी बसवली. आधी गार पाण्यात थोड्याशा डिटर्जंटने छोटं धुणं आणि ते पाणी काढून टाकणं. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर शीमधली प्रथिनं कापडावर घट्ट बसतात. त्यानंतर मुख्य धुणं 60 अंशांवर, पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी जे माप दिलंय तेवढं पूर्ण डिटर्जंट घालून. चिमूट कमी नाही. मशीन तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. अगदी थोडे कपडेही नकोत, कापड कापडावर घासलं पाहिजे. आणि शेवटी साध्या पाण्याने एक जास्तीचं खळबळणं. हाताने धुणार असाल तरी क्रम हाच. फक्त पाणी हाताला सोसेल एवढंच गरम घ्या, पातळ सुती लंगोट वापरा, कारण जाड थरांचे हाताने आतपर्यंत धुतले जात नाहीत.

खळबळणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा टप्पा आहे, आणि घाईत तोच गाळला जातो. शू जशी आत राहता कामा नये तसा साबणही राहता कामा नये. शेवटच्या पाण्यात लंगोट हाताने दाबून बघा. फेस निघाला किंवा पाणी गढूळ झालं तर अजून एकदा. पाणी नितळ आलं की झालं. याबद्दल मी आग्रही का आहे ते सांगतो. 1967 मध्ये अमेरिकेत सेंट लुईस इथल्या एका प्रसूतिगृहात नवजात बाळं अचानक आजारी पडायला लागली. ताप, दरदरून घाम, जोरजोरात श्वास. दोन बाळं दगावली. शोध घेतल्यावर कळलं की धुलाईखान्यात बुरशी लागू नये म्हणून वापरलं जाणारं पेंटाक्लोरोफेनॉल जातीचं रसायन लंगोटांत आणि चादरींत उरत होतं आणि बाळांच्या त्वचेतून शरीरात जात होतं. घरच्या डिटर्जंटची त्या विषाशी बरोबरी नाही, घाबरू नका. पण लंगोट चोवीस तास अंगाला लागून असतो, तोही ओला आणि उबदार. त्यात जे उरेल त्याचा बाळाशी संबंध येतोच.

म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि कापड शोषायचं थांबतं. जंतुनाशक द्रवाचं टोपण रोज ओतायची गरज नाही, गरम पाणी, डिटर्जंट आणि पूर्ण वाळवणं पुरतं. साबणाची वडी कठीण पाण्यात, म्हणजे बोअरच्या किंवा क्षार जास्त असलेल्या पाण्यात, चिकट साका धरते. तिथे डिटर्जंट आणि थोडा धुण्याचा सोडा बरा. पुरळासाठी झिंकचं मलम लावत असाल तर मधे पातळ कापड घाला, नाहीतर मलम धाग्यात बसतं. कापड शोषतंय की नाही हे बघायला वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो मोत्यासारखा वर उभा राहिला तर काहीतरी थर बसलाय, एक-दोनदा गरम पाण्यात धुवून काढा. नवे कोरे सुती लंगोटही असेच वागतात, कारण कापसात मुळात मेणकट अंश असतो. त्यांना बाळ यायच्या आधीच पाच-सहा वेळा धुवून ठेवा. तुमच्या हातात महिना आहे, हे काम आत्ताच होईल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. शूच्या लंगोटांच्या बादलीत ब्लीच ओतू नका. अमोनिया आणि क्लोरिनचं ब्लीच एकत्र आलं की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो श्वासात जाणं घातक आहे.

डागांचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. पिवळे डाग राहिले तर ओला लंगोटच उन्हात घाला, एक-दोन उन्हांत फिके पडतात. नवजात बाळाच्या शीतला पिवळेपणा बराचसा बिलिरुबिनमुळे असतो आणि हे द्रव्य प्रकाशाने विघटित होतं. काविळीच्या बाळाला दिव्याखाली ठेवतात ते याच गुणामुळे. त्या उपचाराची सुरुवात मला फार आवडते. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका पिवळ्या पडलेल्या बाळाच्या अंगावर जिथे चादर होती तेवढाच भाग पिवळा राहिलाय आणि बाकीचा उजळलाय, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढे 1958 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशोपचारावर शोधनिबंध छापला. दोरीवरचा लंगोट उजळताना बघितला की मला त्या सिस्टरची आठवण होते. एवढं मात्र लक्षात असू द्या, बाळ पिवळं दिसलं तर उन्हात धरून वाट बघत बसू नका, डॉक्टरांनाच दाखवा.

डाग घालवण्याआधी एकदा नीट बघा, कारण लंगोट धुणाऱ्याला बाळाबद्दल जे कळतं ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी चांगले ओले लंगोट निघाले पाहिजेत. कमी निघाले तर दूध पोटात पुरेसं जातंय का ते तपासून घ्या. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत विटकरी-गुलाबी चूर्ण सांडल्यासारखा डाग दिसू शकतो, ते युरेटचे स्फटिक असतात. तो डाग नंतरही येत राहिला तर डॉक्टरांना सांगा. आणि शी पांढरट, खडूसारखी फिकी दिसली तर तो लंगोट धुवू नका, तसाच डॉक्टरांकडे घेऊन जा, त्याच दिवशी. यकृताकडून येणारी पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते आणि त्यात आठवडेसुद्धा वाया घालवून चालत नाहीत. पुरळाचंही तसंच. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, किंवा जांघेच्या वळ्यांतही लाली शिरली आणि बाजूला सुटे लाल ठिपके दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला वेगळं औषध लागतं.

वाळवणं सोपं आहे. सुती लंगोट कडक उन्हात, जलरोधक कव्हरं सावलीत वाऱ्याला. जाड लंगोट वरून कोरडा लागतो आणि शिवणीपाशी ओला असतो, तिथे चिमटीत धरून बघा. ओल राहिलेला लंगोट घडीत गेला की कुबट वास आणि बुरशीचे काळे ठिपके, आणि ते ठिपके सहसा जात नाहीत.

धुतलेले लंगोट ठेवताना कपाटात डांबरगोळ्या नसाव्यात. जवळपासच्या खणातही नको. मोठ्या मुलाचे जपून ठेवलेले लंगोट आणि दुपटी धाकट्यासाठी काढतात, तेव्हा हे हमखास घडतं. नॅफ्थलीनचा वास कापडात भरून राहतो, आणि ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ वेगाने चढते. 1963 मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशाच नवजात बाळांची नोंद केली होती. घरातल्या डांबरगोळ्यांची वाफ नुसती श्वासात जाऊन हे घडलं होतं. ही कमतरता जगात 40 कोटींच्या आसपास लोकांमध्ये आहे आणि आपल्या बाळात आहे का हे जन्मताच बघून कळत नाही. कुणी वापरलेले लंगोट दिले आणि त्यांना असा वास असला तर सरळ परत करा, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

आमच्या मुलीचं पुरळ डिटर्जंटचं माप सुधारल्यावर आणि सगळे लंगोट दोनदा गरम पाण्यात काढल्यावर चार दिवसांत गेलं. तिचे लंगोट मी दुसऱ्या खेपेसाठी सुती पिशवीत पूर्ण वाळवून ठेवले होते. तीन वर्षांनी काढले तेव्हा कापड उत्तम होतं, कव्हरांचं इलॅस्टिक मात्र ताणलं की करकर वाजायचं आणि परत आखडायचं नाही. ते बदलून घेतलं, सगळे दोनदा धुतले, टोपात बुडवून पिळून बघितले, आणि मग मुलाला घातले.