नवे पॅड घाट उतरण्याआधीच बसवून घ्या

गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि ते ज्या फिरत्या चकतीला दाबतात ती डिस्क, दोन्ही नवीन टाकल्यापासून ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागतो, थोडा जळका वास येतो आणि शनिवारी कुटुंबासह महाबळेश्वरला जायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पेडल कडक लागत असेल आणि ब्रेक ऑइलची पातळी योग्य असेल, तर बहुधा पॅड अजून डिस्कवर बसलेले नाहीत, म्हणजे घासून तिच्याशी जुळलेले नाहीत, एवढेच. मात्र परतताना पसरणी घाटात ते आपोआप बसतील, अशा भरवशावर कृपया राहू नका. नव्या पॅडमधील राळ, म्हणजे त्याचा माल बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, पहिल्यांदा खूप तापली की तिच्यातून वायू सुटतो आणि तो पॅड व डिस्क यांच्या मध्ये येऊन नेमक्या उतारावर पकड घालवू शकतो. बेताबेताने तापवले, तर हा वायू निघून जातो आणि पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. पुढची पकड बऱ्याच अंशी त्या थरावरच अवलंबून असते.

पॅडच्या खोक्यात कंपनीची सूचना असेल तर तीच पाळा. नसेल, तर पहाटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे वाहन नाही असे पाहून, ताशी ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, अर्धा-एक किलोमीटर गाडी पळू द्या आणि असे आठ-दहा वेळा करा. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होईल इतके जोरात दाबू नका. शेवटी दहा मिनिटे शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्या.

या सगळ्यात तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नये, हे मी सर्वात कळकळीने सांगेन. मी एकदा असाच सिग्नलला पाय दाबून थांबलो. डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा उमटला आणि ८० च्या वेगाला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरू लागले. डिस्क वाकडी झाली असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले, प्रत्यक्षात थर असमान बसला होता. थांबणे भागच पडले, तर सपाटीवर हँडब्रेक ओढून पाय काढा. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हँडब्रेकचा पुढच्या डिस्कशी संबंध येत नाही.

नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले होते का, हे गॅरेजला आजच विचारा. ते राहून गेले असेल, तर आधी डिस्क साफ करून घ्या. पॅडमध्ये तेल मुरले असेल, तर पॅड पुन्हा बदलावे लागतील.