पिवळं चिन्ह, उतरलेला सेल आणि अडकलेले मेल

वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी घरच्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर (विंडोजला एखादं उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि ईमेल यांच्याविषयीचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पडद्यावर इंग्रजीत दिसणारी मेनूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करायचे आदेश आणि सर्व्हरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांतच टाइप करावीत.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून असेंबल केलेल्या पीसीवर विंडोज ११ नव्याने टाकून घेतलं. आता आवाज येत नाही आणि लॅन केबल लावूनही नेट चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) दोन ठिकाणी पिवळं चिन्ह दिसतं. नेटच नाही, तर ड्रायव्हर आणायचा कुठून? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आधी नेटची सोय करू. अँड्रॉइड फोन डेटा केबलने पीसीला जोडा. केबल फक्त चार्जिंगची असेल तर काहीच होणार नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. फोन घरच्या वाय-फायवर असेल, तर बहुतेक फोनांत तेच नेट पीसीला मिळतं आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही.

नेट आलं की सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स असं जा. तिथे 'ड्रायव्हर अपडेट्स' दिसले तर त्यांवर टिक करा, इन्स्टॉल करा आणि पीसी रीस्टार्ट करा. बऱ्याचदा काम इथेच होतं.

नाही झालं, तर पिवळ्या चिन्हाच्या ओळीवर डबल क्लिक करून 'जनरल' टॅबमधला कोड वाचा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग भलताच ड्रायव्हर टाकत बसतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. कोड २२ म्हणजे ते कुणीतरी डिसेबल केलंय; उजवं क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं. तेव्हा पीसी बंद करून पिन काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करून पाहा.

तुमच्याकडे बहुधा कोड २८ असेल. मग 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. त्या लांबलचक ओळीत 'व्हीईएन' नंतरचे चार आकडे-अक्षरं चिप कुणाची ते सांगतात आणि 'डीईव्ही' नंतरची चार चिप कोणती ते सांगतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी. १०ईसी आणि ८१६८ अशी जोडी दिसली, तर ती रिअलटेकची गिगाबिट लॅन चिप.

ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. बोर्डाचं नाव पाहण्यासाठी कॅबिनेट उघडायची गरज नाही. स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप करा आणि 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ही ओळ पाहा. आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप), मग लॅन, मग आवाज, शेवटी ग्राफिक्स असा क्रम ठेवा. डाउनलोडमध्ये सेटअपची फाइल नसेल, तर फोल्डर अनझिप करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर' निवडून तो फोल्डर दाखवा. 'इन्क्लूड सबफोल्डर्स' वरची टिक राहू द्या.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी फुकट सॉफ्टवेअर कृपया टाकू नका. ती चालू असलेल्या ड्रायव्हरच्या जागीही चुकीची आवृत्ती बसवतात आणि सोबत नको ती भर घालतात. नंतरची साफसफाई मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ खाते.

प्रश्न : कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर काल चालत होता. टेबल हलवून केबल पुन्हा लावल्यापासून प्रिंट रांगेत अडकते. (सातपूर)

उत्तर : केबल आता दुसऱ्या यूएसबी खाचेत गेली असावी. विंडोजने नवा पोर्ट धरला आणि तुमची प्रिंट जुन्या पोर्टवर जातेय. 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मधल्या 'पोर्ट्स' टॅबमध्ये यूएसबी००१ ऐवजी यूएसबी००२ वर टिक करून पाहा, नाहीतर केबल मूळ खाचेत लावा. तरीही रांग अडलेली राहिली, तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढा (फोल्डर नव्हे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर नव्याने टाकायची वेळ आलीच, तर केबल आधी काढून ठेवा आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडा.

प्रश्न : रोज सकाळी पीसी सुरू केला की थंडरबर्ड (मेलचं सॉफ्टवेअर) सर्टिफिकेटची तक्रार करतं आणि मेल येत नाहीत. ब्राउझरही बँकेची साइट असुरक्षित असल्याचं सांगतो. पासवर्ड बरोबर आहे. (देवळाली कॅम्प)

उत्तर : खाली उजवीकडची तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेलेली असणार. प्रत्येक सर्टिफिकेटला (सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राला) सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. पीसीच्या मते 'आज' त्या मुदतीत बसत नसेल, तर तो जोडणीच नाकारतो. त्यामुळे दिसतो मेलचा बिघाड, पण मूळ दुखणं मदरबोर्डवरच्या सेलचं असतं.

भिंतीवरचं बटण सुरू असतं तोवर पीसी बंद असला तरी आतलं घड्याळ विजेवर चालतं. रात्री बटण बंद केलं की सगळा भार त्या नाण्याएवढ्या सेलवर येतो. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, त्यामुळे रात्री बटण बंद ठेवायची सवय योग्यच आहे. फक्त काही वर्षांनी सेल बदलावा लागतो.

सेलचा क्रमांक सीआर२०३२, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलण्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात, आणि 'साटा मोड' (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आधी होता त्यापेक्षा वेगळा झाला तर विंडोज सुरूच होत नाही. मग पीसी बंद करा, पिन काढा, आत उरलेली वीज जावी म्हणून पॉवर बटण एकदा दाबा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. सेलच्या कडेची छोटी पत्र्याची पट्टी बाजूला दाबली की सेल स्वतःच वर उडतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, बोर्डावर ओरखडा जातो. नवा सेल अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा.

नंतर बायोसमध्ये तारीख हाताने घाला. विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्लीचा +५:३० हा टाइम झोन आहे ना ते बघा आणि 'सिंक नाऊ' दाबा. फरक वर्षांचा असेल तर विंडोज आपणहून वेळ सुधारेलच असं नाही, म्हणून आधी हाताने.

प्रश्न : द्राक्षांच्या तपासणीचे अहवाल जीमेलवर येतात, ते थंडरबर्डमध्ये दिसतात. पण त्यातून पाठवलेला मेल जात नाही, पासवर्ड चुकल्याचं येतं. (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : येणारे आणि जाणारे मेल यांचे सर्व्हर वेगळे, म्हणून सेटिंग्जही दोन. तुमची येणारी बाजू बरोबर आहे: आयमॅप.जीमेल.कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणारी बाजू अकाउंट सेटिंग्जमध्ये डाव्या यादीत अगदी तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर' म्हणून असते, त्यामुळे नजरेतून सुटते. तिथे एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ५८७ आणि स्टार्ट-टीएलएस, किंवा पोर्ट ४६५ आणि एसएसएल असं ठेवा. 'ऑथेंटिकेशन मेथड' मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' असेल तर ते बदलून 'ओऑथ२' (पासवर्डऐवजी गुगलच्या खिडकीतून परवानगी देण्याची पद्धत) करा. पुढचा मेल पाठवताना गुगलची खिडकी उघडेल, तिथे परवानगी द्या. ती खिडकी कोरीच राहिली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज सुरू करा.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ओऑथ२ नसेल, तर गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी 'अॅप पासवर्ड' घ्या आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाका. गुगलचा मुख्य पासवर्ड बदललात की हा रद्द होतो, नवा घ्यावा लागतो. आणि अहवालांचं एकूण वजन २५ एमबीच्या वर गेलं, तर जीमेल ते जोडपत्र म्हणून नेत नाही. ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा.

प्रश्न : सोसायटीची नोटीस श्रीलिपीत टाइप करून मेलमध्ये पेस्ट केली. सभासदांना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. (नाशिकरोड)

उत्तर : श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच्या जागांवर असतात, मराठी आकार फक्त फॉन्ट दाखवतो. सभासदाकडे तो फॉन्ट नाही, म्हणून त्याला खालचा मूळ मजकूर दिसतो. ही नोटीस पीडीएफ करून जोडा, त्यात फॉन्ट सोबत जातो. यापुढे युनिकोडमध्येच (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) टाइप करा: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की मराठी-इंग्रजी बदलतं.