‘घरघर लागणे’ म्हणजे नेमकं काय? ‘उतरती कळा’ आणि ‘डबघाई’पेक्षा ते वेगळं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या पेपरात ‘मराठी शाळांना घरघर’ हा मथळा वाचून, इंदूरला वाढल्यामुळे, तुम्हाला आधी घरोघरी शाळा निघाल्यासारखं वाटलं. मग कुणीतरी ‘नाश अटळ’ असा अर्थ सांगितला. तसं असेल तर ‘उतरती कळा’, ‘डबघाई’ हे शब्द असताना हा वेगळा कशाला?

मी पणजीत बातम्यांच्या टेबलावर काम करतो. मथळे लिहिणं हाच धंदा, त्यामुळे हा शब्द सतत हाताखालून जातो आणि बऱ्याचदा चुकीच्या जागी जातो.

‘घर’शी त्याचा काही संबंध नाही. हा आवाजावरून आलेला शब्द आहे. मरणाच्या दारातल्या माणसाला कफ खोकून काढता येत नाही, लाळ गिळता येत नाही. ते सगळं घशात साचतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर घर्र घर्र वाजतं. आमच्या चोडणच्या घरी आजोबांच्या वेळी शेजारच्या काकी आल्या, त्या खाटेपाशीसुद्धा गेल्या नाहीत. माजघराच्या दारातून नुसता कान दिला आणि आईला म्हणाल्या, ‘‘घरघर लागली गो, मुंबयवाल्यांना कळव.’’ नाडी बघितली नाही, कपाळाला हात लावला नाही. आईनेही उलट काही विचारलं नाही, देवघरातली गंगाजळाची लोटी काढली.

नुसती ‘घरघर’ निरुपद्रवी असते. जात्याची घरघर, जुन्या पंख्याची घरघर. मरण येतं ते ‘लागली’ या क्रियापदाबरोबर.

आता तुमच्या प्रश्नातला फरक. मराठीत संकटं ‘लागतात’: ग्रहण लागतं, साडेसाती लागते, उतरती कळा लागते. पण यातली प्रत्येक गोष्ट जातेही. ग्रहण सुटतं. साडेसातीला तर नावातच मुदत दिलेली आहे. कळा म्हणजे चंद्राची कला. उतरती असते तशी चढतीही असते, म्हणून उतरती कळा लागलेलं घराणं पुन्हा वर आलं असं लिहिता येतं. डबघाईला आलेली पतसंस्था कुणी पैसा ओतला तर डबघाईतून बाहेर येते. पण ‘घरघर सुटली’ असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय? घरघरीला पुढचा टप्पा एकच. हाच फरक, आणि माझ्या मते तो मथळा लिहिणाऱ्याने पाळायलाच हवा.

वापर कुठे बरोबर आणि कुठे नाही हे पाहायला आमच्याकडची खाजनं चांगली. खाजन म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल शेतजमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नाही. पावसाळ्यात आत भात, आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव.

समजा एका रात्री बांध फुटला आणि उभ्या भातात खारं पाणी शिरलं. मथळा तयार असतो: ‘खाजन शेतीला घरघर’. साफ चूक. बांध बांधून काढला आणि पावसाने मीठ धुऊन नेलं की जमीन पुन्हा पिकते. शेतकरी स्वतः ‘बांध फुटला’ एवढंच म्हणतात, शिव्या घालतात आणि चिखल टाकायला लागतात.

पण दुसरं चित्र बघा. फुटलेला बांध तसाच पडलाय. पूर्वी बांध राखणारी कोमुनिदाद, म्हणजे जुनी गावकरी संस्था, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बाजूला झाली आणि जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे आली. त्या संघटनेतल्या निम्म्या लोकांनी नांगर कधीच खुंटीला टांगलाय. लिलाव घेणारा जास्त मासळी मिळावी म्हणून झडपा भरतीलाही उघड्या ठेवतो. आणि एक दिवस बांधावरून चालताना चिखलात बोटाएवढी, दोन-दोन गुळगुळीत पानांची रोपं दिसतात. ती खारफुटी. तिथे म्हणा, घरघर लागली. कारण थोड्याच वर्षांत तिथे रान उभं राहतं, ते तोडायला किनारी नियम आडवे येतात आणि भात काही परत येत नाही. (खारफुटी वाईट असं म्हणायचं नाही. मासळीची पिल्लं तिच्याच मुळांत वाढतात, पूर अडतो. पण भातशेत म्हणून ती जमीन संपली.)

खाणींच्या बाबतीत मात्र हा शब्द आम्ही पत्रकारांनी अक्षरशः उधळला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यावर यंत्रं थांबली. ही काय घरघर? हा तर एका दिवसात टाळा. शिवाय पुढे लिलाव झाले आणि डिचोलीकडे पुन्हा खनिज निघू लागलं. मेलेला माणूस उठून बसला तर आधीचा मथळा लिहिणाऱ्याने काय करायचं?

उरला तुमचा शाळांचा मथळा. तो अर्थाने बहुधा बरोबर आहे, पण मला आवडत नाही, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. वाटोळं कुणीतरी करतं. ‘शाळांचं वाटोळं केलं’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न लगेच येतो. घरघर मात्र कुणी लावत नाही, ती आपली लागते, म्हातारपणासारखी. गोव्यात १९९० पासून सरकारी अनुदान मराठी आणि कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच होतं. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही देण्याचा निर्णय झाला, त्यावरून मोठं आंदोलन झालं. तो निर्णय बरोबर की चूक यावर इथे वाद घालत नाही. पालकांनाही इंग्रजी हवी होतीच. पण पटसंख्या घसरण्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय असताना ‘घरघर लागली’ असं लिहिलं की सगळे सुटतात, मंत्री सुटतो, पालक सुटतो. आमच्या टेबलावर हा मथळा आला तर मी ‘पटाअभावी इतक्या शाळा बंद’ असा आकड्यासह करून घेतो. लांब होतो, उपसंपादक कुरकुरतात.

वापरताना एवढं सांभाळा. ज्याला लागते त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय: धंद्याला, संस्थेला, मिठागरांना घरघर लागली. ‘घरघर आली’ किंवा ‘घरघर झाली’ असं होत नाही. आणि लाक्षणिक अर्थाने संस्था, व्यवसाय, प्रथा यांच्याबद्दलच बोला, आजारी माणसाबद्दल चुकूनही नको, कारण तिथे तो शब्दशः घेतला जातो. ओळखीच्या दुकानदाराचा धंदा बसला असेल तर त्याच्या तोंडावरही नको. ‘सध्या गिऱ्हाईक कमी दिसतं’ एवढं पुरतं.