पिरिडीन बेस आहे, मग पिरोल का नाही?

तुमचा प्रश्न असा, की पिरिडीन म्हणजे सहा अणूंचं कडं आणि पिरोल म्हणजे पाच अणूंचं, दोन्ही कड्यांत एकेक नायट्रोजन, दोन्हीकडे त्याच्याजवळ इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी; मग प्रोटॉन घेऊन बेस पिरिडीनच का ठरतं? मी वडोदऱ्यात, दांडिया बाजारात बीएस्सीच्या शिकवण्या घेतो. दरवर्षी हाच प्रश्न येतो.

गोम 'मोकळी' या शब्दात आहे. पिरोलची जोडी मोकळी नाहीच. त्याचे दोन दुहेरी बंध चारच π (पाय) इलेक्ट्रॉन, म्हणजे कड्यात सामायिक फिरणारे इलेक्ट्रॉन, देतात. ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखं खास स्थिर कडं, व्हायला हकेलच्या नियमाने असे सहा लागतात. कमी पडलेले दोन नायट्रोजन घालतो. घरखर्चाला लावलेले पैसे कोण उसने देईल? तीव्र आम्लात ढकललंच, तर प्रोटॉन बहुतेक नायट्रोजनवर न बसता शेजारच्या कार्बनवर बसतो!

पिरिडीनमध्ये तीन दुहेरी बंधांतूनच सहा जमतात. नायट्रोजनची जोडी कड्याच्या प्रतलात, बाहेर तोंड करून मोकळी बसलेली. म्हणून पिरिडिनियमचा, म्हणजे प्रोटॉन घेतलेल्या पिरिडीनचा, पीकेए (आम्लतेचं माप; जितका जास्त, तितका प्रोटॉन घट्ट धरलेला) ५.२, तर प्रोटॉन घेतलेल्या पिरोलचा सुमारे उणे ३.८. नऊ अंकांचा फरक म्हणजे अब्जपट.

एक करून बघा. इमिडॅझोल (पाच अणूंचं, दोन नायट्रोजनांचं कडं) कागदावर काढा आणि दोन्ही नायट्रोजनांवरच्या जोड्या रंगीत पेनाने भरा. एक पिरोलसारखा, एक पिरिडीनसारखा दिसेल; प्रोटॉन दुसराच घेतो. परीक्षेत मात्र नुसतं 'रेझोनन्समुळे' लिहून येऊ नका, जोडी कुठल्या ऑर्बिटलमध्ये आहे ते लिहा: पिरिडीनची एसपी२ मध्ये (कड्याच्या प्रतलात), पिरोलची पी मध्ये (प्रतलाला उभी). माझी अर्धी पोरं तिथेच मार्क घालवतात.